फ्लॅश ऑटो घ्यायचा की मॅन्युअल? आधी अंतर बघा

दारव्ह्याच्या आसपासच्या गावांत लग्नाचे फोटो काढता काढता माझे केस पिकायला लागले. तुळशीचं लग्न लागलं की सीझन तोंडावर आला समजायचं. त्याच सुमारास एखादं पोरगं नवाकोरा कॅमेरा गळ्यात अडकवून दुकानात येतं. प्रश्न ठरलेला असतो: "दादा, फ्लॅश ऑटो घेऊ का मॅन्युअल?" मी उलट विचारतो, "तू ज्याचा फोटो काढणार, तो जागेवर उभा राहते का हलते?"

पोरगं गोंधळतं, पण सगळा निवाडा याच प्रश्नात आहे. फ्लॅश आणि माणूस यांच्यातलं अंतर ठरलेलं असेल तर मॅन्युअलइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. अंतर दर क्षणाला बदलत असेल तर ऑटोशिवाय निभत नाही. कंपनी, किंमत, हौस या गोष्टी त्याच्या मागून येतात.

दोन्ही करतात काय

मॅन्युअल फ्लॅशला ताकद आपण सांगतो: पूर्ण, अर्धी, पाव, अशी निम्मी निम्मी करत बहुतेक फ्लॅशांत १/१२८ पर्यंत. सांगितला तेवढाच उजेड तो टाकतो. समोर नवरी आहे की भिंत, पाच फुटांवर आहे की पंधरा, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ताकद कमी केली की दिवा मंद पेटतो असा पुष्कळांचा समज असतो. खरं तर तो कमी वेळ पेटतो. पूर्ण ताकदीची चमक साधारण सेकंदाच्या तीनशेव्या भागाएवढी टिकते, तर १/१२८ ची वीस हजाराव्या भागाच्या आसपास. म्हणून हळदीनंतर पोट्टे एकमेकांवर पाणी उडवतात तेव्हा कमी ताकदीवर काढलेल्या फोटोत थेंब न थेंब हवेत थांबलेला दिसतो.

ऑटो म्हणजे आज बाजारात टीटीएल नावाने मिळतो तो. यात मोजमाप लेन्समधून होतं. बटण दाबलं की फ्लॅश आधी एक बारीकशी चमक टाकतो. ती समोरून किती परत आली हे कॅमेरा मोजतो, हिशेब करतो, मग शटर उघडतं आणि खरी चमक पडते. हे इतक्या झपाट्याने होतं की डोळ्याला एकच चमक वाटते. पण काहींच्या पापण्या त्याहून चपळ असतात. आजीबाईंचे डोळे दर फोटोत मिटलेले येत असतील तर दोष त्यांच्या वयाचा नाही, बहुतेकदा त्या पहिल्या चमकेचा आहे. कॅननने ही पूर्वचमकेची पद्धत ई-टीटीएल नावाने १९९५ मध्ये आणली, निकॉनचं आय-टीटीएल २००३ चं.

त्याआधी ऑटोचा एक वेगळा प्रकार होता. फ्लॅशच्याच तोंडावर एक छोटा डोळा असायचा. परत आलेला उजेड तो मोजायचा आणि पुरे झाला की चमक तोडायचा. कॅमेऱ्याला याचा पत्ताही नसे. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांच्याकडे १९७० च्या दशकातला व्हिव्हिटार २८३ होता, रंगीत खुणांच्या चकतीचा. छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये त्यांचे दोनसुद्धा वाया जात नसत. जुन्या बाजारात असा फ्लॅश अजून सापडतो. त्याबद्दल शेवटी सांगतो, कारण तो थेट कॅमेऱ्यावर चढवण्यात एक धोका आहे.

लेन्सवरचे आकडे आणि दोरीच्या गाठी

उजेड अंतराच्या वर्गाने पातळ होतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी. (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा, एक स्टॉप जास्त म्हणजे दुप्पट.) शाळेत हे सगळ्यांनी घोकलेलं असतं, पण मांडवात गणित करत बसायला वेळ कुणाला? त्यावर एक सोपी युक्ती आहे. लेन्सवरचे एफचे, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं ते सांगणारे, आकडे बघा: ४, ५.६, ८, ११, १६. हेच आकडे फूट म्हणून वाचा. चार फुटांवरून साडेपाचवर गेलं की एक स्टॉप उजेड कमी, साडेपाचवरून आठवर आणखी एक, आठवरून अकरावर आणखी एक. मॅन्युअल फ्लॅश शिकायचा म्हणजे मुळात एवढंच शिकायचं.

आता करायचं काय? सुतळीचा सोळा फुटांचा तुकडा घ्या. एका टोकापासून ४, साडेपाच, ८, ११ आणि १६ फुटांवर गाठी मारा. रात्री ओसरीत घरातल्या कुणाला तरी उभं करा. बायको कंटाळली तर खुर्चीवर गव्हाचं पोतं ठेवलं तरी भागतं, फक्त पोत्यावर एखादा मधल्या रंगाचा टॉवेल टाका. कॅमेरा एम मोडवर, म्हणजे सगळे आकडे आपण ठरवतो त्या मोडवर ठेवा: शटर १/१२५, एफ ५.६, आयएसओ (कॅमेरा उजेड किती झटकन टिपतो ते) ४००. फ्लॅश थेट समोर करा, त्याचा झूम, म्हणजे उजेड किती पसरायचा तो आकडा, ३५ वर. आठ फुटांच्या गाठीवर उभं राहून १/३२ ताकदीने एक फोटो काढा. कमी वाटला तर १/१६, जास्त वाटला तर १/६४. एकदा बरोबर बसला की तो आकडा वहीत लिहा. बाकी गाठींचे आकडे आपोआप निघतात. आठ फुटांवर १/३२ जमलं तर साडेपाचवर १/६४, अकरावर १/१६, सोळावर १/८. दुसऱ्या दिवशी तपासून बघा, अर्ध्या स्टॉपच्या आत बसतात.

हे आकडे मी हवेतून काढलेले नाहीत. प्रत्येक फ्लॅशच्या खोक्यावर गाइड नंबर लिहिलेला असतो. अंतराला एफने गुणलं की तो येतो, आयएसओ १०० ला. ३५ झूमला मीटरमधला गाइड नंबर ३६ धरा. आयएसओ ४०० ला तो दुप्पट, ७२. ताकद १/१६ केली की चौथाई, १८. अठराला ५.६ ने भागा: सव्वातीन मीटरच्या आत, म्हणजे साडेदहा फूट. अकराच्या गाठीवर १/१६ का, ते यातून कळतं.

दुकानात मात्र खोक्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नका. साठ लिहिलेलं असतं, पण ते फ्लॅशचं डोकं २०० झूमला ठेवून, म्हणजे उजेड एका बारीक झोतात कोंबून मोजलेलं. लग्नाच्या ग्रुप फोटोला लागणाऱ्या ३५ झूमला तोच फ्लॅश पुष्कळ खाली येतो. काही खोक्यांवर आकडा फुटांत असतो, त्यामुळे शंभर-दीडशेच्या वर दिसतो. दोन फ्लॅशांची तुलना करायची तर दोघांचा ३५ झूमचा, मीटरमधला आकडा विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर माहितीपत्रकात छापलेला असतो.

चार-पाच रात्री असा सराव झाला की सुतळीची गरज राहत नाही. आठ फूट किती, हे डोळ्यालाच कळू लागतं.

आंदणाच्या कपाटाची गोष्ट

आता ऑटो कुठे गंडवतो ते. नवा टीटीएल फ्लॅश घेतल्यावरचं माझं दुसरं की तिसरं लग्न. नवरीच्या बापाने आंदण मांडवाच्या एका कोपऱ्यात छान रचून ठेवलं होतं: पलंग, गादी, भांडी आणि मधोमध आरसा लावलेलं स्टीलचं कपाट. नवरा-नवरीला त्याच्यापुढे उभं करून फोटो काढा म्हणाले. मी काढले. वीस-बावीस फोटो, पाहुणे बदलून बदलून. स्क्रीनवर बघायला उसंत कुठली? संध्याकाळी लॅपटॉपवर उघडले तेव्हा नवरीचा बाप शेजारीच बसलेला. एक फोटो बघितला, दुसरा बघितला, मग शांतपणे म्हणाला, "हे कपाट तं मस्त दिसू राह्यलं भाऊ, पन जवाई कुठी हाय?"

जावई होता, पण काळोखात. झालं असं की पूर्वचमक आरशावर आदळून थेट लेन्समध्ये परत आली. कॅमेऱ्याला वाटलं, समोर भरपूर उजेड आहे, त्याने खरी चमक आखडती घेतली. टीटीएलला नवरदेव आणि आरसा यातला फरक कळत नाही. किती उजेड परत आला एवढंच त्याला कळतं, आणि जे दिसेल ते मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून तो चालतो.

एकदा हे लक्षात आलं की ऑटोला सांभाळून घेता येतं. फ्लॅशवर किंवा कॅमेऱ्यात फ्लॅश कॉम्पेन्सेशन नावाची सोय असते, अधिक-उणे तीन स्टॉपपर्यंत. पांढरा सदरा, धोतर, गांधी टोपी घातलेली मंडळी एका ओळीत बसली असतील तर अधिक दोन तृतीयांश ते एक स्टॉप. काळा कोट, गडद सूट, मागे काळोखं शेत असेल तर उणे दोन तृतीयांश. जरीचा शालू आणि टिकल्यांचा लेहेंगा यांच्यासाठी अधिकच लागतं. किती, ते साडीगणिक बदलतं. मागे आरसा, काच, स्टीलची भांडी असतील तर कोन बदला. दोन पावलं बाजूला सरकून तिरकस उभं राहिलं तरी चमक सरळ परत येत नाही. तेही जमत नसेल तर फ्लॅशची मोजणी बांधून ठेवायची सोय वापरा. कॅननवर ती चांदणीच्या बटणावर असते, निकॉनवर एखाद्या फंक्शन बटणाला नेमून द्यावी लागते. नवरदेवाच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखून बटण दाबायचं, पूर्वचमक तेवढ्यापुरती पडते, मग फ्रेम नीट करून फोटो काढायचा.

पण खरं सांगू का, अशा जागी मी आता टीटीएल वापरतच नाही. आंदणाजवळ उभी राहणारी माणसं हलत नाहीत. तिथे एकदा मॅन्युअल लावला की आरसा असो नाहीतर परात, उजेड तेवढाच पडतो.

स्टेज आणि वरात: दोन टोकं

स्टेजवरचा आहेर हे मॅन्युअलचं खास राज्य. नवरा-नवरी खुर्चीपुढे, पाहुणे येणार, पाकीट देणार, कॅमेऱ्याकडे बघणार, जाणार. दोन तास हेच चालतं. मी खाली मांडीभर उंचीच्या टेबलाला खडूची खूण करतो आणि तिथून हलत नाही. अंतर कायम, म्हणून फ्लॅश कायम. यातली खरी गंमत घरी आल्यावर कळते. टीटीएलवर काढलेल्या दोनशे फोटोंत काकूंच्या पिवळ्या साडीसाठी उजेड वेगळा, मामांच्या काळ्या जॅकेटसाठी वेगळा, शाळेच्या मास्तरांच्या पांढऱ्या शर्टासाठी तिसराच. एकेक फोटो हाताने दुरुस्त करत बसा. मॅन्युअलचे दोनशे फोटो एकाच सुराचे असतात. एकाला दुरुस्ती केली की तीच बाकीच्यांना एका क्लिकमध्ये लागते. अल्बमवाल्याकडे जायच्या आदल्या रात्री ही बचत काय असते, ते ज्याने एक मे महिना काढला त्याला विचारा.

आता वरात. डीजेपुढे नवरदेवाचे मित्र नाचतायत. आत्ता तोंडासमोर असलेला पोट्टा पुढच्या क्षणी बारा फुटांवर, आणि मध्येच कुणी तुमच्या खांद्यावर हात टाकून म्हणतो, "आमचा बी एक काढा न भाऊ!" इथे मॅन्युअल लावला तर काय होतं? आठ फुटांसाठी लावलेला फ्लॅश चार फुटांवरच्या चेहऱ्यावर चौपट उजेड ओततो. पांढराफट चेहरा, डोळे-नाक गायब. सोळा फुटांवरचा मात्र सावलीसारखा. ताकद बदलत बसाल तर नाच संपेल. वरातीत टीटीएल लावा आणि मोकळे व्हा. मी कॅमेरा एमवर ठेवतो, एफ ४, आयएसओ १६००, शटर १/६० ते १/३०. फ्लॅश माणसांपुरतं बघतो आणि मंद शटरमुळे मागचे रोषणाईचे दिवे, डीजेचे लाल-निळे झोत फोटोत उतरतात. इथे एक नियम पक्का बसवून घ्या: शटर फक्त मागच्या दिव्यांचा उजेड ठरवतं, फ्लॅशचा नाही. मर्यादा एवढीच की शटर सिंक स्पीडच्या वर जाऊ द्यायचं नाही. तो बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० असतो. त्यापुढे गेलात तर फोटोवर काळा पट्टा येतो.

हायस्पीड सिंक नावाची सोय असेल तर सिंक स्पीड ओलांडता येतो, पण ताकद फार घटते. भर दुपारी हळद असेल तर त्या नादी लागण्यापेक्षा मंडळींना कडुनिंबाच्या सावलीत घेतलेलं बरं.

मंगलाष्टकं या दोन टोकांच्या मध्ये येतात. अंतरपाट धरलेला असेपर्यंत सगळे जागेवर, तोवर मॅन्युअल. अंतरपाट दूर होऊन हार घालायची वेळ आली की अक्षतांचा पाऊस, धक्काबुक्की, मामा नवरदेवाला उचलतात. मी शेवटचं "शुभमंगल सावधान" कानावर पडायच्या आधीच फ्लॅश टीटीएलवर टाकून ठेवतो. टीटीएल फ्लॅशमध्ये मॅन्युअल मोड असतोच, बटण दाबलं की झालं. उलट मात्र होत नाही. नुसत्या मॅन्युअल फ्लॅशला टीटीएल कधीच येत नाही.

आणि पोळा? धुतलेला, शिंगं रंगवलेला पांढराशुभ्र बैल टीटीएलमध्ये करडा येतो, त्याला अधिक एक द्या. पण जनावराच्या तोंडाजवळ फ्लॅश उडवूच नका. तोरणाखाली झडत्या म्हणणाऱ्या गर्दीत बुजलेला बैल म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. संध्याकाळच्या उन्हात फ्लॅशशिवाय फोटो चांगले येतात. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलवाल्या पोरांचे मात्र हवे तितके काढा. झाडीपट्टीत वडसा-ब्रह्मपुरीकडे रात्रभराच्या नाटकाला गेलात तर फ्लॅश पिशवीतच राहू द्या. चाळीस फुटांवरून तो रंगमंचापर्यंत काही पोचत नाही, पुढच्या रांगेतल्या टोप्या तेवढ्या उजळतो, आणि नटाच्या डोळ्यांवर चमक मारणं हे वेगळंच पाप.

हिरवी नेट, कवेलू आणि टिन

पुस्तकात सांगतात, फ्लॅश छताकडे वळवा, मऊ उजेड पडतो. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी पांढरं छत असतं. आपल्याकडे कवेलूचं घर असलं तर वर काळपट बांबू आणि मातीचा रंग, उजेड वरच गडप होतो. टिन असेल तर चमचमते पट्टे पडतात. मांडवाचं कापड गुलाबी असेल तर सगळे पाहुणे गुलाबी. सगळ्यात वाईट हिरवी शेडनेट. उन्हाळ्यातल्या अर्ध्या हळदी आता तिच्याखालीच होतात. वरून गाळून आलेलं ऊनच हिरवं, त्यात फ्लॅश वर मारला तर हळद लावलेली नवरी कच्च्या कैरीसारखी दिसते.

यावर माझा उपाय गावठी आहे. थर्माकोलचा किंवा पांढऱ्या फोमचा दोन फुटी तुकडा पोराच्या हातात द्यायचा. त्याला नवरीच्या बाजूला, डोक्याच्या थोडं वर धरायला लावायचं आणि फ्लॅशचं डोकं त्या तुकड्याकडे वळवायचं. उजेड पांढरा आणि मऊ. अशा वळवलेल्या उजेडात दोन-तीन स्टॉप सहज जातात, म्हणून थेट फ्लॅशला १/३२ लागत असेल तर इथे १/८ किंवा १/४ पासून सुरुवात करा. इथेही तीच कसोटी: तुकडा धरणारा पोरगा जागेवर राहणार असेल तर मॅन्युअल. तो हळद बघत इकडेतिकडे फिरत असेल तर टीटीएल लावा, वळवलेला उजेडही तो बरोबर मोजतो.

घ्यायच्या आधी कॅमेऱ्याच्या डोक्यावर बघा

इथे पुष्कळांचे पैसे बुडतात. कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेत, म्हणजे हॉट शूमध्ये, मधोमध एक मोठा गोल बिंदू असतो आणि आजूबाजूला बारके. मोठा बिंदू "उडव" एवढंच सांगतो. बारके बिंदू टीटीएलची भाषा बोलतात, आणि ती प्रत्येक कंपनीची वेगळी. म्हणून कॅननचा टीटीएल फ्लॅश निकॉनवर टीटीएल करत नाही. फार तर मॅन्युअलसारखा उडतो.

मॅन्युअल फ्लॅश फक्त त्या मधल्या बिंदूवर चालतात, त्यामुळे कुठल्याही कॅमेऱ्यावर चालतील असं वाटतं. पण कॅननने २०१९ च्या २००डी मार्क टूमध्ये तो मधला बिंदूच काढून टाकला. आणखी काही स्वस्त मॉडेलांतही असंच आहे. अशा कॅमेऱ्यावर साधा मॅन्युअल फ्लॅश उडणारच नाही. कॅननसाठी बनवलेला टीटीएल फ्लॅश किंवा ट्रिगरच (कॅमेऱ्यावर बसून दूरचा फ्लॅश उडवणारी डबी) लागेल, आणि तोसुद्धा दुकानातच लावून, उडवून बघूनच पैसे द्या. सोनीच्या जुन्या कॅमेऱ्यांची खाच तर आकारानेच वेगळी होती.

म्हणजे घ्यायचं काय? फक्त पासपोर्ट, शाळेचे ग्रुप, शेतकरी गटांचे फोटो काढत असाल आणि कॅमेऱ्याला मधला बिंदू असेल तर मॅन्युअल घ्या. तो स्वस्त पडतो, आणि उरलेल्या पैशात चांगले सेल येतील. लग्न करणार असाल तर पहिला फ्लॅश टीटीएल, दुसरा-तिसरा मॅन्युअल, पण सगळे एकाच कंपनीच्या रेडिओवर चालणारे. गोडॉक्सचं उदाहरण घेतलं तर टीटी६८५ टीटीएलवाला आणि टीटी६०० मॅन्युअल, दोघांच्या पोटात २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ आहे, एकाच ट्रिगरने दोन्ही उडतात. टीटी६८५ घेताना कॅमेऱ्याच्या कंपनीचं अक्षर बघून घ्या.

दुसरा फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवायचा नाही. मांडवाच्या खांबाला सहा-सात फुटांवर बांधून, स्टेजकडे तिरका करून ठेवायचा. तो जागचा हलत नाही, नवरा-नवरीही हलत नाहीत, म्हणून त्याला मॅन्युअलच हवा. कॅमेरा कितीही फिरवा, खांबावरच्या फ्लॅशचं अंतर बदलत नाही. हे कळलं की बाकी सगळं सोपं होतं. काही ट्रिगरांत टीटीएलने एक फोटो काढून त्याच ताकदीचं मॅन्युअलमध्ये रूपांतर करायची सोय असते, गोडॉक्सच्या एक्स-प्रोमध्ये ती आहे. पहिला अंदाज मशीनला करू द्या, मग तो गोठवा. मला ही वाट सगळ्यात आवडते.

चॅनेल आणि आयडी मात्र लग्न सुरू व्हायच्या आधी बदला. नवरदेवाकडचा फोटोग्राफर आणि नवरीकडचा फोटोग्राफर दोघेही कारखान्यातून आलेल्या चॅनेलवर असले की तुमचा खांबावरचा फ्लॅश त्याच्या प्रत्येक फोटोला उडतो. तुमचे सेल संपतात आणि भांडण वेगळं. रेडिओ नसलेल्या फ्लॅशवर एस १ आणि एस २ असे मोड असतात. एस १ दिसेल त्या पहिल्या चमकेला उडतो, टीटीएलच्या पूर्वचमकेलासुद्धा, म्हणजे वेळेआधीच. कॅमेऱ्यावर टीटीएल असेल तर एस २ लावा, तो पूर्वचमक सोडून देतो.

सेल, भारनियमन आणि मे महिना

चार पेन्सिल सेलवाल्या फ्लॅशला साधे अल्कलाइन सेल घालू नका. दोन फोटोंमधला वेळ वाढत जातो आणि ऐन हार घालताना फ्लॅश गप्प बसतो. दोन हजार एमएएचच्या आसपासचे चांगले रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड घ्या. चार-चारचे जोड करून त्यांवर मार्करने अ, ब, क लिहा आणि एका जोडातला सेल दुसऱ्यात कधीच मिसळू नका. एक दुबळा सेल बाकी तिघांना ओढतो. गावात रात्री वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून चार्जिंग आदल्या दिवशी घरून करून न्या. मांडवातल्या जनरेटरवर चार्जर लावायचा मोह टाळा.

मॅन्युअलवर एक सावधगिरी जास्त. तयारीचा दिवा लागायच्या आत बटण दाबलं तर फ्लॅश असेल तेवढ्यावर उडतो आणि फोटो काळोखा येतो. पूर्ण ताकदीवर ओळीने पंचवीस-तीस वेळा उडवला तर बहुतेक फ्लॅश तापून स्वतःच मंदावतात. म्हणून १/४ च्या वर नेहमी जावं लागत असेल तर आयएसओ वाढवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. लिथियम बॅटरीचा फ्लॅश गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, बॅटरी फुगते.

जुना फ्लॅश घेताना

तालुक्याच्या जुन्या बाजारातून किंवा बंद पडलेल्या स्टुडिओतून फ्लॅश मिळत असेल तर सोबत मल्टिमीटर न्या. नसेल तर टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे असतोच. फ्लॅश चार्ज करा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, लाल टोक पायातल्या मधल्या बिंदूला आणि काळं टोक बाजूच्या धातूच्या पट्टीला लावा. पाच-सहा व्होल्टपर्यंत आला तर निर्धास्त वापरा. जुन्या काही फ्लॅशांत तो दोनशेच्या वर निघतो, आणि तेवढा दाब डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट जाळू शकतो. असा फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवायचा नाही. तो फार तर खांबावर, उजेड ओळखून उडवणाऱ्या छोट्या स्लेव्ह डोळ्यावर चालवा.

मग पूर्ण ताकदीला दहा वेळा उडवा आणि पुन्हा भरायला लागणारा वेळ मोजा. ताज्या सेलवर तो दहा सेकंदांच्या वर जात असेल तर कपॅसिटर थकलाय, सोडून द्या. काचेआडची नळी काळी पडली असेल तरी नको. ताकद १/१ वरून एकेक पायरी खाली आणत फोटो काढा, प्रत्येक पायरीला फोटो एक स्टॉप काळोखा व्हायला हवा. होत नसेल तर आतलं काहीतरी अडकलंय. ते बघायला स्वतः स्क्रू काढू नका. आतला कपॅसिटर तीनशे व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि सेल काढून ठेवले तरी बराच काळ भरलेला राहतो. माझ्या उजव्या अंगठ्याला तो झटका अजून आठवतो.